वाणी पाळण्याची रीत

पालघर तालुक्यातील कुंभवलीसारख्या गावात, जेथे एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे भातखाचरे आहेत, तेथे वाणी शोधावी लागत नाही. मृगाच्या सरी पडून गेल्या की ती स्वतःच पडवी ओलांडून मोरीत येते आणि तिची गाठ खराट्याशी पडते. वाणी म्हणजे लांबट, कडक कवचाचा, अत्यंत सावकाश चालणारा संधिपाद प्राणी असून डिवचताच तो वेटोळे करून पडतो, म्हणून मुले त्याला पैसा म्हणतात. तिला पाळणे म्हणजे सुपलीतून उकिरड्यावर जाणाऱ्या जिवाला वाटेतच डब्यात उतरवून घेणे, एवढाच फरक होय. परदेशांत आफ्रिकेतील फूटभर लांबीच्या वाणी पदरचे पैसे मोजून विकत घेणारी माणसे आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवणे हाच या छंदाचा सर्वांत अवघड भाग मानावा लागतो.

दुसरी अडचण ओळखीची. गोम आणि वाणी यांत गल्लत झाल्यास छंद पहिल्याच दिवशी संपतो, कारण गोम चपटी, चपळ व मांसाहारी असून कडकडून चावते, तर वाणी कुजक्या पानांवर जगते आणि चावण्याच्या भानगडीत पडत नाही. गोमेच्या प्रत्येक खंडावर पायांची एकच जोडी असते. वाणीच्या बहुतेक खंडांवर दोन-दोन जोड्या असतात. पाय मोजण्याचा मोह नवशिक्यांना होतोच, परंतु हजाराची आशा धरू नये. हजाराहून अधिक पायांची वाणी पश्चिम ऑस्ट्रेलियात, खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या खोल विवरात सापडली. तिला 1306 पाय होते आणि तिचे शास्त्रीय वर्णन 2021 साली प्रसिद्ध झाले. मोरीतल्या वाणीचे काही शेकड्यांवरच भागते.

वाणी स्वसंरक्षणासाठी अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून द्रव सोडते. गोल अंगाच्या अनेक जातींत हा द्रव बेंझोक्विनोन या वर्गातील रसायनांचा असतो आणि त्याने बोटांवर तपकिरी डाग पडतात; चपट्या पाठीच्या काही जाती तर चक्क हायड्रोजन सायनाइड निर्माण करतात. म्हणून तिला हाताळल्यावर डोळे चोळू नयेत व हात साबणाने धुवावेत. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना वासावरून रसायन ओळखण्याचा सराव असतोच, त्यामुळे येथील पालक इतरांच्या एक पाऊल पुढे आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

निवासासाठी झाकणाला भोके पाडलेला डबा पुरतो; त्यात निदान वाणीच्या लांबीइतका मातीचा थर, वर पालापाचोळा आणि भुसभुशीत कुजके लाकूड असावे, मात्र फवारणी झालेल्या बागेतील किंवा दररोज रंग बदलणाऱ्या नाल्याकाठची पाने आणू नयेत. वाणीची श्वसनरंध्रे, म्हणजे हवा आत घेणारी छिद्रे, मिटता येत नाहीत आणि अंगातील ओल लवकर उडून जाते, यासाठी माती नेहमी दमट ठेवावी लागते. कवचाला चुना लागतो, तो अंड्याच्या टरफलाच्या चुऱ्यातून किंवा समुद्रफेसातून मिळतो. विष्ठा साफ करण्याची हौस आवरावी. वाणी ती पुन्हा खाते, आणि यजमानाने ताट अर्धवट असताना उचलावे, हे कोणत्याही पाहुण्याला रुचत नाही.

खरी परीक्षा कात टाकण्याच्या वेळी होते. या काळात वाणी मातीत कोनाडा करून कित्येक दिवस, कधी आठवडे, दिसेनाशी होते. उकरून पाहिल्यास मऊ पडलेला जीव दगावू शकतो, आणि न पाहिल्यास ती मुळात डब्यात आहे की झाकणाच्या फटीतून केव्हाच परागंदा झाली, हे कळण्याचा मार्ग नसतो. पाहुण्यांना मातीने भरलेला डबा दाखवून ‘ही आमची वाणी’ असे सांगणे आणि त्यांनी चहाचा कप हातात धरून समजूतदारपणे मान हलवणे, हा या छंदातील नित्याचा सोहळा होय. अखेरीस ती वर येते तेव्हा टाकलेली कात खाऊन आलेली असते, त्यामुळे पुरावा म्हणूनही काही उरत नाही. मालकाला ओळखणे, लाडाने जवळ येणे असल्या सवयी तिला नसतात. बोटावर चढते ती ते बोट वाटेत आले म्हणून.

जपानमधील एका जातीच्या वाणी आठ वर्षांच्या अंतराने एवढ्या संख्येने बाहेर पडत की त्यांनी आगगाड्याही अडवल्या आहेत. डहाणू लोकलच्या उद्घोषणांत हे कारण अद्याप ऐकू आलेले नाही. डब्यात अंडी घातली गेल्यास पांढुरकी, पायांच्या अवघ्या तीन जोड्यांची पिल्ले निघतात आणि दर कातेगणिक त्यांचे खंड व पाय वाढत जातात. मांजराच्या पिल्लांना घर मिळते, यांना मिळत नाही, म्हणून ती जेथून आणली तेथल्याच ओल्या पाचोळ्यात, उन्हे टळल्यावर सोडावीत. त्या वेळी शेवटचे पिल्लू नजरेआड होईपर्यंत थांबण्याचा विचार असल्यास जेवण आधी उरकून घ्यावे.