नीट परीक्षार्थीच्या वडिलांची पूर्वतयारी

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीविषयी मराठीत जे मार्गदर्शन उपलब्ध आहे ते जवळजवळ सगळे विद्यार्थ्याला उद्देशून लिहिलेले असते, आणि हाच त्याचा मूलभूत दोष होय. कारण विद्यार्थी ही परीक्षा वर्षातून एकदा, तीन तास देतो, तर त्याचे वडील ती सलग दोन वर्षे, एकही सुट्टी न घेता आणि अभ्यासक्रम न वाचता देत असतात. सबब प्रस्तुत विवेचन वडील या घटकापुरते मर्यादित ठेवले आहे. आईचा विचार स्वतंत्रपणे केलेला नाही, कारण तिला मार्गदर्शनाची गरज असल्याचे कोठेही आढळून आले नाही.

‘नीट’ म्हणजे राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षा. ती २०१३ साली प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्द ठरली, २०१६ साली त्याच न्यायालयाच्या आदेशाने परत आली आणि २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा, म्हणजे एनटीए, ती घेत आली आहे. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५ असे १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा, एकूण गुण ७२० आणि वेळ १८० मिनिटे, असे २०२५ पासूनचे तिचे स्वरूप असून वीस लाखांहून अधिक मुले ती देतात, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरच्या सरकारी व खासगी महाविद्यालयांत मिळून एक लाखाच्या वर भरतात. हे आकडे वडिलांना ठाऊक असणे आवश्यक आहे. ते मुलगी जेवायला बसली असताना उच्चारणे आवश्यक नाही.

तयारीची पहिली पायरी म्हणजे गाव ठरवणे. मराठवाड्यातील वडिलांपुढे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तेथे दहावीचा निकाल आणि लातूरला जाणारी एसटी यांच्यात विचार करण्याइतके अंतरच ठेवलेले नसते. ‘लातूर पॅटर्न’ ही संज्ञा बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात रूढ झाली. अभ्यासक्रम लवकर संपवणे, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेणे आणि पेपरातील चूक मुलाला पुन्हा करू न देणे, एवढाच तिचा गाभा असून त्यात गूढ असे काही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तथापि लातूरचा विषय निघाला असता वडिलांना पाणी आठवत नाही, पॅटर्न आठवतो. खोली बहुधा ‘कॉट बेसिस’वर मिळते, म्हणजे भाडे खोलीचे नसून खाटेचे असते आणि एका खोलीत तीन किंवा चार खाटा असतात. अशी खोली पाहण्यास गेलेले वडील पंख्याचे बटण तीनदा लावून बंद करतात, भिंतीवर टिचकी मारतात आणि घरमालकाला ‘वातावरण अभ्यासाचं आहे ना?’ असे विचारतात, ज्याचे उत्तर आजवर कोणत्याही घरमालकाने नकारार्थी दिलेले नाही. त्याच वेळी आई मेसमध्ये जाऊन वरणाचा वास घेते, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर कधी धुतला ते विचारते, शिकवणी आणि अभ्यासिका दोन्ही पायी गाठता येतील का हे चालून पाहते, आणि निर्णय तेथेच होतो. वडिलांनी नंतर फक्त अनामत रक्कम द्यावी.

याच टप्प्यावर ‘इंटिग्रेटेड’ हा प्रकार समजून घ्यावा लागतो. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असते, मुलगा दुसऱ्याच इमारतीत शिकत असतो, आणि दोहोंची गाठ प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पडते. बारावी मात्र उत्तीर्ण व्हावीच लागते, ही गोष्ट दोन वर्षांच्या धामधुमीत काही घरांना फेब्रुवारीत आठवते.

टॉपरच्या मुलाखतीचा व्हिडिओ मुलाला पाठवू नये. पाठवलाच, तर निळ्या खुणा उमटल्या की नाही हे पाहत बसू नये.

आता वडिलांच्या स्वतःच्या अध्यापनाविषयी. ज्या वडिलांचे बारावीचे भौतिकशास्त्र बरे होते त्यांच्यापासून मुलाला विशेष धोका संभवतो, कारण त्यांच्याकडे एच. सी. वर्मांचे जुने पुस्तक जपून ठेवलेले असते आणि रविवारी दुपारी ते जडत्वाचे आघूर्ण समजावून देण्यास बसतात. पाऊण तासाने ते ‘कळलं?’ असे विचारतात, मुलगा ‘हो पप्पा’ म्हणतो, आणि त्या उत्तराने प्रश्न सुटत नसला तरी मुलगा सुटतो. याउलट जीवशास्त्रात वडील खरोखर उपयोगी पडू शकतात आणि तेथे ते कधी जात नाहीत, हे या विषयातले मोठे दुर्दैव आहे. ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. त्यांतले बहुतेक प्रश्न एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतल्या वाक्यांवर, आकृत्यांच्या खालच्या ओळींवर आणि तक्त्यांवर बेतलेले असतात. दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे झाले तर आधी जीवशास्त्राचेच गुण पाहिले जातात. म्हणून वडिलांनी ते पुस्तक हातात घ्यावे, उघडावे आणि नुसते विचारावे. अकरावीच्या पहिल्याच धड्यातल्या तक्त्यात माणूस, घरमाशी, आंबा आणि गहू यांचे वर्गीकरण दिले आहे, आणि या चारही सजीवांशी वडिलांचा पूर्वपरिचय असल्याने सुरुवात तेथून करण्यास हरकत नाही. शास्त्रीय नावांचे उच्चार त्यांच्याकडून चुकतील. चुकू द्यावेत, कारण ‘मँजिफेरा इंडिका’चे वडिलांनी जे काही केले ते दुरुस्त करताना मुलगी ते नाव जन्मभर विसरत नाही, शिवाय दोन वर्षांत प्रथमच ती वडिलांना काहीतरी शिकवते आणि घरात कोणीतरी हसते.

सराव परीक्षांच्या गुणांचे प्रकरण याहून गंभीर आहे. शिकवणीत ठरलेल्या दिवशी ‘टेस्ट’ होते आणि तिचे गुण मुलाच्या आधी वडिलांच्या मोबाईलवर येतात. ही सोय कोणी आणि कोणत्या हेतूने काढली याचा शोध स्वतंत्रपणे घेण्याजोगा आहे. बँकेत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी करणारे वडील या गुणांची एक्सेल शीट तयार करतात, तिच्यात विषयवार रकाने पाडतात, घसरण लाल रंगात दाखवतात आणि मग मागील वर्षीचा ‘गुण आणि क्रमांक’ असा तक्ता शेजारी मांडून मुलाला कोणते महाविद्यालय मिळेल ते काढतात. हा तक्ता निरुपयोगी असतो. २०२४ साली ग्रेस गुणांचा आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचा वाद न्यायालयात जाऊन सुधारित निकाल लागल्यानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ साली पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते. एका वर्षी जे गुण रडवतात तेच पुढच्या वर्षी सरकारी महाविद्यालय देतात, तेव्हा पाहायचे असेल तर मुलाचा त्याच परीक्षेतला क्रमांक पाहावा आणि त्याहूनही चूक कोठे झाली ते पाहावे: धडा वाचलाच नव्हता, वाचून विसरला, की येत असून घाईने उत्तरपत्रिकेवरचा गोळा चुकला. हे तिन्ही आजार वेगळे आहेत आणि त्यांवर ‘लक्ष नाही तुझं’ हे एकच औषध चालत नाही. पण हे सांगायचे कोणाला? तक्ता फाडून टाकला तर वडील नवा छापून आणतात.

‘येत नसेल तर हात लावू नको’ हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि तो गणिताच्या दृष्टीने अर्धवट आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांतून एकदा चार गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो, म्हणजे सरासरी पाव गुण पदरात पडतो. सर्व १८० गोळे असेच काळे केले तर हिशेबाने ४५ गुण होतात, ज्यांवर डॉक्टर होता येत नाही, पण तोटाही होत नाही. खरा लाभ पर्याय कापण्यात आहे: चारांतले दोन निश्चित चूक असल्याचे कळले, तर उरलेल्या दोनांतून निवडलेले उत्तर सरासरी दीड गुण देते, आणि असा प्रश्न सोडून येणे हा शहाणपणा नव्हे. तरीही वडिलांनी हा परिच्छेद परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला वाचून दाखवू नये.

परीक्षा गेली काही वर्षे बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन वाजल्यापासून होत आली आहे आणि फाटक दीड वाजता बंद होते. अंगात साधा अर्ध्या बाह्यांचा पोशाख, पायांत बूट नव्हे तर चप्पल, हातात पारदर्शक पाण्याची बाटली, प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि अर्जावर होता तोच फोटो. पेन केंद्रावर मिळते. आदल्या दिवशी गाडीवर जाऊन केंद्र पाहून येणे ही वडिलांनी दोन वर्षांत केलेली सर्वांत उपयुक्त कृती ठरते, कारण एकाच नावाच्या दोन शाळा असण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. फाटकापाशी मुलाला शेवटच्या सूचना देऊ नयेत. त्याला त्या ऐकू जात नाहीत, पण शेजारच्या मुलीला जातात आणि ती घाबरते.

फाटक बंद झाल्यानंतरचे तीन तास वडिलांनी कसे घालवावे, याविषयी नियम करण्याचे येथे टाळले आहे. वस्तुस्थिती अशी की कोणाच्या खिशात मुलीचे कानातले असते, कोणाच्या मुठीत मुलाच्या मनगटाचा कापलेला धागा असतो, सावली देणारे झाड एकच असते आणि त्याच्याखाली अनोळखी वडील एकमेकांना राज्याचा ८५ टक्के आणि अखिल भारतीय १५ टक्के कोटा समजावून देत असतात, जरी तो दोघांनाही पाठ असतो. चहाची टपरी समोरच असते. कोणी जात नाही. या वर्गाविषयी वर जे कठोर लिहिले आहे ते या तीन तासांपुरते स्थगित समजावे.

पाच वाजता ‘कसा गेला?’ असे विचारू नये. ‘फिजिक्स कसं होतं?’ असे तर मुळीच विचारू नये. त्याच संध्याकाळी शिकवण्यांच्या उत्तरतालिका फिरू लागतात, त्यांपैकी दोन एकमेकींशी जुळत नाहीत, आणि एनटीएची तात्पुरती उत्तरतालिका येईपर्यंत, जिच्यातल्या प्रत्येक प्रश्नावर आक्षेप घेण्यास २०० रुपये पडतात, घरात शांतता राखणे इष्ट. निकालपत्रावर ‘पात्र’ असे आढळल्यास लगेच पेढे आणू नयेत. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, तर आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळालेल्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला पन्नासावे पर्सेंटाइल पुरते, आणि २०२५ साली त्याचा अर्थ ७२० पैकी १४४ गुण असा होता. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी. अर्थात पेढे हा शेवटी खाद्यपदार्थ आहे आणि मुलाने दोन वर्षे मेसचे खाल्लेले असते, त्यामुळे या नियमाचा भंग झाल्यास कारवाई सुचवलेली नाही.

गुण कमी पडल्यास ‘रिपीटर’, म्हणजे पुन्हा वर्षभर तयारी करून परीक्षा देणारा, व्हायचे की नाही हे निकालाच्या रात्री ठरवू नये. बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस यांचेही प्रवेश नीटवरूनच होतात. ‘बीएएमएससुद्धा डॉक्टरच की’ हे मत वडील शेजारच्यांच्या मुलाबाबत अनेक वर्षे मांडत आलेले असतात, ते आता स्वतःच्या घरात मांडता येते का याची ही परीक्षा होय, आणि तिला फेरपरीक्षा नाही.

उरली कागदपत्रे, जी खरे तर सर्वांत आधी व्हायला हवीत. अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातील कुटुंबाला जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, आणि लागू असल्यास ३१ मार्चला मुदत संपणारे नॉन-क्रिमीलेयर, ही सर्व राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेरीपूर्वी हाती असावी लागतात. वैधतेला महिने लागू शकतात, म्हणून मुलगा अकरावीत असतानाच अर्ज करावा. त्या अर्जासाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांचा निर्गम उतारा लागतो, त्यासाठी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढावी लागते, आणि ती उघडण्यास घरातले सगळे जमतात. सीईटी, म्हणजे राज्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा, येण्यापूर्वी राज्यातले वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवरच होत असत, त्यामुळे त्या पेटीत दाखल्याच्या खाली घडी घालून ठेवलेली वडिलांची बारावीची गुणपत्रिका ही एक संपूर्ण प्रवेशपरीक्षाच असते. पेटी इतरांच्या आधी, एकट्याने, सकाळी लवकर उघडून तो कागद कार्यालयात नेऊन ठेवावा. हे राहून गेल्यास आणि ‘पप्पा, फिजिक्समध्ये एवढेच?’ असा प्रश्न आल्यास, पेपर त्या वर्षी फार अवघड होता असे सांगावे.