संचालकांचं रक्त चालत नाही

जळोचीत गणपती आले की वर्गणीच्या पाठोपाठ रक्तदान शिबिर येतं. वर्गणीच्या वेळी घरात कुणी नसतं, शिबिराला मात्र सकाळपासून रांग. वर्गणीत नुसतं द्यायचं असतं, शिबिरात पाण्याचा जार मिळतो. शिवाय शेजारच्या मंडळाने गेल्या वर्षी किती पिशव्या काढल्या, हा आकडा लहान पोरांनाही पाठ असतो.

यंदा उद्‌घाटनालाच माशी शिंकली. पहिली पिशवी संचालकांची, असं ठरलं होतं. कुठल्या कारखान्याचे ते विचारू नका. बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाच्या फडात उभं राहून खडा मारला तरी आजी, माजी किंवा भावी संचालकाला लागतो. ‘रक्ताचं नातं जपणारं नेतृत्व’ असा फ्लेक्स आदल्या रात्रीच चढला होता. फोटोग्राफर खाटेच्या उशाशी, साहेबांची बाही वर. तेवढ्यात रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, “इतक्यात परदेशी जाऊन आलात?”

नाही म्हणायची सोय नव्हती. ‘ब्राझीलचा अभ्यास दौरा यशस्वी करून परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ हा दुसरा फ्लेक्स त्यांच्या डोक्यामागेच फडफडत होता. इथेनॉलचा अभ्यास करायला साहेब महिन्यापूर्वी तिकडे होते. 2015-16 मध्ये झिकाची मोठी साथ ब्राझीलमध्येच उसळली होती आणि तिथला डास अजून निवृत्त झालेला नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झिकाची साथ असलेल्या भागातून आलेल्या माणसाने चार महिने रक्त द्यायचं नाही. बाईंनी शांतपणे तारीख लिहून दिली.

कार्यकर्ते खवळले. साहेबांचं रक्त चालत नाही म्हणजे काय? ज्यांच्या रक्तातच सहकार आहे, त्यांना डास चावेलच कसा? एकाने तडजोड सुचवली: सुई टोचू नका, नुसती नळी चिकटवा, फोटो होऊन जाऊ दे. साहेब स्वतः म्हणाले, “आम्ही सगळा वेळ एसी हॉटेलात होतो.” म्हणजे अभ्यास कुठे झाला, तेही कळलं.

खरा घाम फुटला तो मागे उभ्या असलेल्या खजिनदारांना. ते नुकतेच बँकॉकहून आले होते. घरी मात्र तिरुपतीला जातो असं सांगितलेलं, आणि वहिनी बायकांच्या रांगेत, हाताच्या अंतरावर. प्रश्न आला तेव्हा त्यांनी ‘नाही’वर अशी काही ठसठशीत खूण केली, की बँकॉक नकाशावरूनच पुसलं जावं.

इथे हसू जरा आवरायला हवं. आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. झिका त्यात नाही, डेंगीही नाही. झिका झालेल्या बहुतेकांना तर लक्षणंच दिसत नाहीत. म्हणजे तो अडवायला यंत्र नाही, फक्त दात्याचं तोंड आहे. ते तोंड वहिनींना घाबरून मिटलं, तर पिशवी थेट एखाद्या गरोदर बाईच्या खाटेशी पोचणार. आणि झिकाचा सगळ्यात मोठा धोका तिच्या पोटातल्या बाळालाच असतो.

एका सभासदाचा न्यू जर्सीचा भाचा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, “मामा, माझं तर उलटंच आहे. इथून गेलो की तिकडे तीन महिने माझं रक्त घेत नाहीत. मलेरियाच्या देशात जाऊन आलास म्हणतात.” मामांचा अभिमान दुखावला. पण 2020 पर्यंत हीच मुदत अमेरिकेत बारा महिने होती, आणि भारतात वाढून नव्याने तिथे गेलेल्याला पहिली तीन वर्षं रक्त देता येत नाही. वेड्या गाईच्या रोगापायी तर 1980 ते 1996 या काळात इंग्लंडात मिळून तीन महिने काढलेल्या माणसाचं रक्त अमेरिका 2022 पर्यंत घेत नव्हती. त्या काळी लंडनला शिकून आलेला, कांदा-लसूणही न खाणारा आपला माणूस तिकडे गोमांसाच्या संशयावरून परत फिरत असे.

मामांचा राग उतरावा म्हणून घरचंच सांगतो. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण 2021 च्या जुलैत सापडला, तो कुठल्या विमानतळावर नव्हे. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, आपल्या जेजुरीजवळ. 2024 मध्ये झिका पुण्यात एरंडवण्यात निघाला. आता जळोचीचा माणूस मोरगाव-जेजुरीवरून एसटीने पुण्याला जातो, तो पासपोर्ट दाखवून थोडाच जातो?

डेंगीचा नियम तर आणखी गोड. डेंगीच्या भागात जाऊन आलेल्याने, ताप नसला तरी, चार आठवडे थांबायचं. जो त्या भागातून कधी बाहेरच पडला नाही, त्याने काय करायचं? त्याने खुशाल द्यायचं! नियमाची अडचण समजते. सगळ्यांना थांबवलं तर रक्तपेढीला कुलूपच लावावं लागेल. म्हणूनच आपल्यासारख्यांसाठी अर्जात तापाचे प्रश्न आहेत: डेंगी किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर पूर्ण बरं झाल्यावर सहा महिने, मलेरिया असेल तर तीन. पण त्या प्रश्नाला आपलं उत्तर ठरलेलं असतं, “जरा कणकण होती, गोळी घेतली.” आणि वर जाराकडे नजर.

तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी घरी एकदा सगळं खरं सांगून टाका, म्हणजे अर्जावर खोटं लिहावं लागत नाही. डॉक्टर थांबा म्हणाले तर तो अपमान समजू नका. संचालकांचे चार महिने दिवाळीनंतर संपतील. सुट्ट्यांमुळे रक्ताचा तुटवडा असतो, तो नेमका त्याच सुमाराला. तेव्हा मांडव नसेल, फ्लेक्स नसेल, फोटोग्राफर तर नसेलच. रक्तपेढी मात्र उघडी असते. बारामतीत कुणालाही विचारा, पत्ता सांगेल.