चपला घालून देवघरातून

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, कुणीही भर घालावी असा नकाशा. त्या 'कुणीही'त आपणही येतो, हे भाच्याला कळलं आणि एका रविवारी माझी झोप गेली. "मामा, फक्त चालायचंय. मागं मोबाइलमध्ये आपोआप रेघ उमटते."

नाशकातले रविवार कारंजा, भांडी बाजार, सराफ बाजार असे बोळ पालथे घालत आम्ही गोदाघाटावर उतरलो. घरी येऊन रेघ पाहिली. सराफ बाजारात आम्ही तीन वाड्यांच्या भिंतींतून आरपार गेलो होतो. त्यातल्या एकाच्या बहुधा देवघरातून, तेही चपला घालून. चहाच्या टपरीपाशी मांजरानं खेळवलेला लोकरीचा गुंडा.

दोष उपग्रहांचा नाही. वीस हजार किलोमीटरवरून निघालेला संदेश किती वेळात पोचला, यावरून मोबाइल अंतर काढतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर! बोळात तो संदेश समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घालून येतो. २ मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर या संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं. आता मिसळत नाही. जुन्या नाशकाला वाडे पुरतात.

घाटावर मात्र आकाश मोकळं. तरी रेघ तीनदा रामकुंडात उतरलेली. ताई म्हणाली, "तीनदा कुंडात गेलास आणि एकदाही अंघोळ नाही?" मग आठवलं, मोबाइल मी पिशवीत, नव्या पितळी तांब्यात ठेवला होता. पडू नये म्हणून.

भाचा त्या रेघेवरून रस्ता काढायला बसला, त्याचा हात धरला. नकाशावर इतरांच्याही रेघा होत्या. एक तर छपरांवरून थेट पंचवटीत. बहुधा रिक्षात बसल्यावर बंद करायची राहिलेली. एका रेघेवर विश्वासायचं नाही. पाच-सहा एकमेकींवर ठेवायच्या, दाटतील तिथं रस्ता धरायचा, मग वरून काढलेल्या फोटोशी ताडायचा. फोटोही कधी सरकलेला असतो, तेव्हा शेवटी टपरीवाल्याला विचारायचं.

पुढच्या रविवारी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर उभे राहिलो. गोदेचा पूर नाशिककर याच्यावरूनच मोजतात: गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. या खेपेस मोबाइल हातात, तांब्या घरी. पाच मिनिटं हललो नाही. रेघ चार पावलं चालली.

मारुती होता तिथंच होता. नकाशातही तिथंच ठेवलाय.