बेचाळीसच्या नळीला अठ्ठेचाळीसचा क्लॅम्प : एक अनावृत पत्र

प्रिय कुंपणवाले साहेब,

स. न. वि. वि.

आपण आमच्या सोसायटीला भाड्याने दिलेलं तात्पुरतं कुंपण खरोखरच तात्पुरतं निघालं. दिल्या शब्दाला इतका जागणारा व्यापारी हल्ली दिसत नाही, म्हणून मुद्दाम चारचौघांत आभार मानायला बसलो आहे. भाडं आपण दोन महिन्यांचं आगाऊ घेतलंत. कुंपण अकरा दिवस उभं राहिलं. उरलेले दिवस ते आडवं राहून आपली सेवा पुरी करील, असा आपला विचार असावा.

बाराव्या दिवशी पहाटे पावणेतीनला वारा सुटला. रिकामा डबा जिन्यावरून गडगडत जावा तसा आवाज आला. मग पुन्हा. मग पुन्हा. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजत होतो, नऊ झाले. खाली जाऊन पाहिलं तर बावीसपैकी नऊ पॅनेलं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपली होती आणि त्यांच्याखाली चार स्कूटर. वॉचमन तेवढ्यात लघवीला गेला होता म्हणून वाचला. त्याची खुर्ची वाचली नाही.

हे कुंपण आम्ही हौसेने घेतलं नव्हतं. आमची जुनी सीमाभिंत रस्त्याच्या बाजूला पोट काढून उभी होती. २०१९च्या जूनअखेरीस कोंढव्यात अशीच एक सीमाभिंत रात्री मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जीव गेले. तेव्हापासून फुगलेल्या भिंतीवर पुण्यात कुणी विनोद करत नाही, आणि पुण्यात ज्याच्यावर विनोद होत नाही अशा गोष्टी थोड्याच. भिंत उतरवली, नवी होईपर्यंत अडीचशे फुटांवर जाळीची पॅनेलं हवी होती. तीन कोटेशनं आली, सगळ्यांत स्वस्त आपलं. खाली सही माझी आहे. ते लपवत नाही.

आपल्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं : ‘जाळी पॅनेल २२ नग, ठोकळे व ॲक्सेसरीजसह’. मी तीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली. एक सूत इकडेतिकडे झालं तर जॉब परत पाठवणारा मी, ‘ॲक्सेसरीज’ या शब्दाखाली काय काय झोपलं आहे हे विचारायला विसरलो. क्लॅम्प किती, कुठल्या मापाचे, किती जाड पत्र्याचे, काही नाही. कमिटीच्या त्या बैठकीत चाळीस मिनिटं चर्चा झाली ती कुंपणावर लावायची नेट हिरवी हवी की निळी यावर. हिरवी जिंकली. आपण ती फुकट दिलीत. तिच्याकडे पुढे येतो.

आपली मुलं टेम्पो घेऊन आली आणि दोन तासांत सगळं उभं करून मोकळी झाली. मी म्हटलं, जरा हलतंय. त्यातला मोठा म्हणाला, “काका, बिनधास्त राहा. हत्ती आला तरी हलणार नाही.” मुलगा खरं बोलला. हत्ती आलाच नाही.

पडल्यावर सकाळी मी व्हर्नियर घेऊन खाली उतरलो. शेजारचे म्हणाले, आता मोजून काय उपयोग. सवय असते एकेकाची. आपल्या पॅनेलची उभी नळी बाहेरून भरली बेचाळीस मिलिमीटर आणि वर थोडंसं. म्हणजे बाजारातली सव्वा इंची पाईप. ‘सव्वा इंच’ हे तिचं नाव आहे, बाहेरचं माप नाही. सव्वा इंच म्हणजे जेमतेम बत्तीस मिलिमीटर होतात आणि ते पोकळीच्या हिशेबाचं नाव आहे. हा घोटाळा इतका जुना आहे की त्यासाठी आपल्याला दोष देणार नाही. पण तुमचे क्लॅम्प बत्तीसचेही नव्हते. ते होते अठ्ठेचाळीसचे, परांचीच्या पाईपला लागतात त्या मापाचे. गोदामात पडून असतील. मधली सहा मिलिमीटरची पोकळी भरायला आपण सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. एका पट्टीवर जुन्या पंक्चरचं ठिगळही होतं. म्हणजे क्लॅम्पला माप नव्हतं, पंक्चर मात्र नीट काढलेलं होतं.

या क्लॅम्पची रचना आपल्याला ठाऊक असेलच, तरी वाचकांसाठी सांगतो. दोन शेजारी नळ्या, दोन बाजूंनी दोन वाकवलेल्या पाळ्या, मधोमध एक बोल्ट. बोल्ट आवळला की पाळ्या जवळ येतात आणि दोन्ही नळ्या कवेत घेतात. माप बरोबर असेल तर पूर्ण आवळल्यावरही दोन पाळ्यांच्या मध्ये फट राहायला हवी, नखाएवढी का होईना. कारण सगळा जोर नळीवर जायला हवा. माप मोठं असलं की पाळ्या एकमेकींना भिडतात. मग नट घट्ट, पाना पुढे सरकत नाही, मुलगा म्हणतो फुल्ल टाइट, आणि नळी आत मजेत गरगर फिरते. मी एका उभ्या राहिलेल्या जोडावर हात ठेवून पाहिलं. नळी दोन बोटांनी फिरली. लोणच्याची बरणी उघडायला याहून जास्त जोर लागतो. ट्यूबचं रबर आधी दबतं, मग ओलं होऊन सरकतं, आणि एकदा दबलं की बोल्टचा ताणही गेला.

बोल्टबद्दल तर किती बोलू. डोकं घुमटासारखं गोल असलेला, मानेशी चौकोनी असा आठ एमएमचा बोल्ट आपण निवडलात. निवड उत्तम. घुमट बाहेर ठेवायचा आणि नट आतल्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला पाना लावायला जागाच नाही. फक्त त्या चौकोनी मानेला भोकही चौकोनी लागतं. आपल्या पाळ्यांना भोकं गोल. नट फिरवला की बोल्टही सोबत फिरतो, एखाद्या जोडप्यासारखा, आणि घुमटाला पक्कड धरायची म्हटलं तर ती घसरते. त्यावर आपल्या मुलांनी तोडगा काढला. अर्धे बोल्ट उलटे घातले, नट रस्त्याच्या बाजूला. तेरा नंबरचा पाना प्रत्येक स्कूटरच्या डिकीत नसला तरी प्रत्येक गॅरेजात असतो. चौथ्या दिवशी एक पॅनेल दारासारखं उघडून दोन पोरं किराणा दुकानाचा शॉर्टकट वापरताना दिसली. त्यांनी जाताना ते नीट लावूनही घेतलं. आपल्यापेक्षा त्यांना कुंपणाची काळजी जास्त.

पत्रा मोजला. दीड मिलिमीटरच्या आसपास. पाळ्यांचे कान वाकून मागे गेले होते, ओरडा खाल्लेल्या मांजरासारखे. अडीच-तीन मिलिमीटरचा पत्रा असता तर बोल्टने आधी नळी धरली असती, मग वाकण्याचा विचार केला असता. वजनातला फरक तर डोळे मिटून कळतो. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर दहा क्लॅम्प टाकले असते तरी आपली अब्रू दिसली असती. आणि तो सोनेरी मुलामा! झगमगीत पिवळा, लग्नाच्या मांडवातल्या खुर्चीसारखा. विजेवर चढवलेला जस्ताचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, पाच, आठ, फार तर बारा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला क्लॅम्प दिसायला राखाडी, खरबरीत, अगदी कळकट दिसतो, पण त्याच्यावर जस्त त्याच्या कितीतरी पट असतं. आपला मुलामा अकरा दिवसांत आट्यांपाशी तांबडा झाला होता. पुण्याच्या पावसात. कोकणात लावला असता तर आठवड्यात गंजाचा विळखा पडला असता.

आता संख्या. बावीस पॅनेलं म्हणजे एकवीस जोड. प्रत्येक जोडाला वर एक आणि खाली एक, असे बेचाळीस क्लॅम्प. आपण दिलेत चौदा. चौदा जोडांना वरच्या बाजूला एकेक, खाली काही नाही. वारा आला की असा जोड खालून पुस्तकासारखा उघडतो आणि पाय ठोकळ्यातून उडी मारून बाहेर येतो. उरलेल्या सात जोडांवर बाइंडिंग वायर. स्लॅबच्या सळ्या बांधायची ती तार. काँक्रीट पडेपर्यंत सळ्या जागेवर ठेवणं एवढंच तिचं आयुष्यात काम. फाटकाजवळच्या एका जोडाला तर सुतळी होती. सुरगाठ मारलेली. ते पाहून मला दाटून आलं.

इंग्लंडात असल्या पॅनेलला सरसकट ‘हेरास’ म्हणतात. ते मूळ एका डच कंपनीचं नाव, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. साडेतीन मीटर लांब, दोन मीटर उंच, हे माप तिकडे रुळलेलं. ऑस्ट्रेलियात तर तात्पुरत्या कुंपणासाठी स्वतंत्र मानकच आहे, क्रमांक ४६८७. आपण त्यांचं पॅनेल घेतलंत, सुतळी मात्र स्वदेशी ठेवलीत. तेवढा अभिमान हवाच.

आणि आता ती फुकटची हिरवी नेट. नुसत्या जाळीतून वारा आरपार जातो. नेट बांधली की कुंपणाचं शीड होतं. हिशेब शाळकरी आहे : वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ने गुणा; चौरस मीटरवर इतके न्यूटन. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे ६० न्यूटन. आपलं एक पॅनेल सात चौरस मीटरचं. झाले ४२० न्यूटन, एका अंगावर साधारण ४३ किलोंचा धक्का. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट, १७० किलोंच्या घरात. नेटला भोकं असतात म्हणून त्यातले निम्मे सोडून देतो, आपल्यावर उपकार म्हणून. इमारतींसाठीच्या आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. तात्पुरत्या कुंपणाकडून तेवढं मागायला मी काही अडाणी नाही. त्या रात्री वादळबिदळ नव्हतं. आमच्या बाल्कनीतली तुळस जागची हलली नव्हती.

हे कबूल करतो की नुसते चांगले क्लॅम्प लावून सगळं भागलं नसतं. नेट लावायची तर मागून तिरपे टेके हवेत आणि टेक्यांवर वजन हवं. टेके नसतील तर उत्तम क्लॅम्पांनी बांधलेली रांग अख्खी एकत्र पडते, तीही शिस्तीत. पण टेका ज्या नळीला धरून उभा राहणार, ती नळीच जर शेजारणीला धरून नसेल, तर टेका एका पॅनेलला वाचवतो आणि बाकीची वाऱ्यावर सोडतो. आपण टेकेही दिले नाहीत, त्यामुळे हा प्रश्न चर्चेपुरताच राहिला.

काल दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलो होतो. या वेळी कोटेशन आधी मागितलं नाही; आपल्याच पॅनेलच्या पाईपचा वीतभर तुकडा पिशवीत घालून नेला. काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, यावर क्लॅम्प लावून दाखवा. त्याने बेचाळीसचा काढला, आवळला, पाळ्यांमध्ये फट राहिली. मी दोन्ही हातांनी पिळून पाहिला, नळी फिरली नाही. मान चौकोनी, भोकही चौकोनी. त्याने आवळला की डोकं तुटून पडतं तसला नटही दाखवला, चोराला उघडताच येत नाही असा. तो मी घेतला नाही. गवंड्याला वाळूचा ट्रक आत घ्यायला आठवड्यातून दोनदा पॅनेल सरकवावं लागतं. दर वेळी नट कापायचा आणि नवा घ्यायचा, म्हणजे चोरापेक्षा आपणच जास्त दंड भरायचा. साधा नट, आतल्या बाजूला, प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प, जाळीच्या आडव्या तारेच्या खाली, म्हणजे वर सरकवून काढता येत नाहीत. एका क्लॅम्पमागे आपल्यापेक्षा जास्त पडले ते दोन वडापावांएवढे. चार स्कूटरींच्या आरशांचं आणि मडगार्डांचं बिल याच पत्रासोबत आपल्या पत्त्यावर वेगळं पाठवलं आहे. त्यातही ‘ॲक्सेसरीजसह’ असंच लिहिलं आहे.

कळावे, लोभ असावा. तो आपल्याकडे भरपूर आहेच.

आपला,
सोसायटीचा सेक्रेटरी
(आणि आपल्या कोटेशनवर सही करणारा शहाणा)

ता. क. : आपले चौदा क्लॅम्प वॉचमनच्या केबिनमध्ये पिशवीत ठेवले आहेत, ट्यूबच्या पट्ट्यांसह. न्यायला मुलगा पाठवा. बोल्ट काढताना पाना लागला नाही, सगळे हातानेच सुटले. सुतळीला मात्र कात्री लागली.