वाडा पडतो एकीनं

'विकणे आहे : शिवकालीन ऐतिहासिक तीनचौकी वाडा. अस्सल सागवान. नदीकाठ, महामार्ग जवळ. क्लिअर टायटल. रिकामा ताबा. एजंट क्षमस्व.'

तालुक्याच्या पेपरात, 'बोअर मारून मिळेल' आणि 'वधू पाहिजे' यांच्या मधोमध ही जाहिरात आली आणि गावात खळबळ उडाली. वाडा विकायला निघाल्याचं नवल कुणालाच नव्हतं. आमच्या आठवणीत तो कायम निघालेलाच आहे. लोक अडखळले ते 'क्लिअर टायटल'पाशी.

'शिवकालीन'बद्दल कुणी बोललंसुद्धा नाही. तो शब्द आता 'गावरान' आणि 'शुद्ध'सारखाच कशालाही लावता येतो. तरी आम्ही थोरल्या पातीच्या अण्णांना भीतभीत विचारलं, की वाड्यावर मंगलोरी कौलं आहेत आणि ती करायचा पहिला कारखाना बासेल मिशननं मंगळूरला काढला तो १८६५ साली, तेव्हा जरा इकडेतिकडे होतंय का?

"कौलं नंतर घातली," अण्णा म्हणाले.

"आणि हे बिडाचे कठडे?"

"तेही नंतरचे."

"आणि रंगीत काचा?"

"आजोबांनी मुंबईहून आणल्या."

"मग शिवकालीन काय राहिलं?"

"जागा," अण्णा म्हणाले. यावर काय बोलणार!

वाड्याच्या भुयाराबद्दलही असंच. महाराष्ट्रात भुयार नसलेला वाडा नाही आणि ते जवळच्या किल्ल्यावर निघत नाही असं भुयार नाही. या वाड्यातलं भुयार म्हणजे ज्वारी साठवायचं पेव आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पुण्याहून गिऱ्हाईक आलं की त्यालाच वाकून आत बघायला लावतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "पुढं बुजवलंय."

तर टायटल. मूळ पुरुषाला दोन बायका आणि चार मुलगे. त्यातल्या एकाच्या पोटी संतान नाही म्हणून दत्तक. दत्तकाला पाच मुलगे. पुढचं गणित तलाठ्यानंही सोडून दिलंय. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सगळा कारभार 'हे आमचं, ते तुमचं' असा तोंडी. पुढचा सोपा थोरल्यांचा, माजघर मधल्यांचं, मागचा चौक धाकट्यांचा, आणि जिना सामाईक. म्हणजे वर चढायला सगळे, आणि पायरी मोडली की ती दुसऱ्याची. दिंडी दरवाजाला तीन कुलपं आहेत, तीन पात्यांची. एका पातीची माणसं येतात तेव्हा आधी दुसऱ्या दोघांना फोन करावे लागतात, मग उंबरठा ओलांडता येतो.

आता इथं आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण वारसा-संवर्धनावरच्या चर्चासत्रांत ती कुणी सांगत नाही. हा वाडा आजवर उभा राहिला तो केवळ भाऊबंदकीमुळे. मधल्या काळात थोरल्यांना सोप्यावर स्लॅब टाकायचा होता. मधल्यांनी हरकत घेतली. मधल्यांना रस्त्याकडची भिंत फोडून तीन गाळे काढायचे होते, एकात झेरॉक्सचं दुकान ठरलंही होतं. धाकट्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. धाकट्यांना तुळशी वृंदावनाशेजारी संडास बांधायचा होता. तिथं तर सगळंच गाव मध्ये पडलं. परिणाम असा, की वाड्याची एक वीट हलली नाही. सुरूचे खांब, महिरपी, कडीपाट, बळदं, सगळं जिथल्या तिथं. राज्य सरकारचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे १९६० चा. पण तो लागू होतो सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या वास्तूंना. आमच्या वाड्याचं त्या यादीत नाव नाही. त्याला राखलं ते धाकट्या पातीच्या वकिलांनी, आणि त्यांना आजवर कुणी शाल-श्रीफळसुद्धा दिलेलं नाही.

अण्णा मात्र सगळं खापर कुळकायद्यावर फोडतात. १ एप्रिल १९५७, कृषिदिन. कसणाऱ्या कुळांना त्या दिवशी जमिनीचे मालक मानलं गेलं, आणि अण्णांच्या मते त्याच दिवशी वाड्याला वाळवी लागली. गोष्ट अगदी खोटी नाही. वाडा हा जमिनीवर पोसलेला प्राणी. मृगाआधी कौलं चाळायला माणसं लागत, पोपडे धरलेल्या भिंती लिंपायला लागत, तीन चौक शेणानं सारवायला बायका लागत, आणि हे सगळं खळ्यावरच्या धान्यात भागत असे. बरंचसं तर कशातच भागत नसे. वेठ होती ती. धान्य थांबलं, माणसं हजेरी रोख मागू लागली, आणि ज्या वाड्यात चाळीस माणसं जेवायची तो एकाएकी 'फार मोठा' झाला. पण अण्णा ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यात वाडा बांधला कुणी हे येत नाही. 'आमच्या पणजोबांनी बांधला' म्हणतात. पणजोबांनी थापी धरल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नाही. ज्या वडारांनी जोत्याचा दगड फोडला आणि ज्या सुतारांनी खांबांवर केळफुलं कोरली, त्यांची नातवंडं-पतवंडं याच गावात आहेत, आणि जाहिरातीत 'अस्सल सागवान' त्यांच्या हातातून आल्याचा उल्लेख नाही. शब्दामागे पैसे पडतात, हे मान्य.

मग एवढं सगळं असताना टायटल क्लिअर झालं कसं?

सुरुवात आकाशातून झाली. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं सुरू झाली. महाराष्ट्रातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचं हे गाव, शेजारी त्यांनीच बांधलेला मल्हारगड, गावात त्यांचा वाडा. म्हणजे यंत्रालाही पहिला पाठ वाड्याचाच मिळाला. आमच्या गावावरून ड्रोन फिरला तेव्हा त्याला वरून वाडा एक दिसला. आत चुली किती ते दिसलं नाही. मिळकत पत्रिका आली, नावं मावेनात म्हणून पुरवणी आली, आणि कागदावर आपलं नाव छापील अक्षरांत पाहिल्यावर ज्यांना वाड्याची आठवणही नव्हती त्यांना तिथल्या चिंचेच्या सावलीसाठी गहिवरून आलं. लगेच व्हॉट्सॲपवर गट निघाला. नाव : 'आपला वाडा'. पहिल्याच दिवशी न्यू जर्सीच्या काकांनी विचारलं, चौरस फुटाला काय भाव आहे?

आत्यांचा भाग आम्हाला फार आवडला. या घराण्यात लेकींनी साडी-चोळीवर हक्क सोडायची जुनी वहिवाट. भाऊबीजेला बोलवायचं, पुरणपोळी वाढायची आणि हात धुवायच्या आत कागद पुढं करायचा. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क आला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच असल्याचं सांगितलं. यंदा भाऊबीजेला पुरणपोळी झाली, कागदही पुढं आला. थोरल्या आत्यानं चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "साडी छान आहे रे. आता हिश्शाचं बोलू." हा वाडा झाल्यापासून त्यात एखाद्या बाईनं मांडलेला हा पहिलाच ठराव असावा. तो बिनविरोध मंजूर झाला.

एकी झाली आणि गिऱ्हाइकं लागली. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्या-घाटाच्या परिसरात 'स्वदेस' चित्रित झाल्यापासून प्रत्येक मालकाला आपल्याही चौकात शाहरुख दिसतो, त्यामुळे पहिला बोलावला तो हेरिटेज स्टे काढणारा. पांढरा लिननचा सदरा, पायात कोल्हापुरी. तो भिंतींवरून हात फिरवत 'काय वाइब आहे' म्हणाला आणि मग बाथरूम विचारली. मागच्या चौकात न्हाणी आहे म्हटल्यावर त्यानं प्रत्येक खोलीला एक अशी बारा लागतील, बाळंतिणीच्या खोलीत स्पा करता येईल आणि देवघराला काचेचं दार लावून तिथं वाईन ठेवता येईल, असा आराखडा उभ्याउभ्या मांडला. अण्णा देवघरापर्यंत गप्प होते.

खरा जाणकार आला तो लाकूडवाला. त्यानं वाइब पाहिली नाही. खिशातून चाकू काढला, सोप्याच्या खांबाला खालच्या अंगाला, जिथं दिसणार नाही तिथं, नखाएवढी खरवड काढली, चुरा तळहातावर चोळून हुंगला आणि मान डोलावली. मग तुळयांवर बोटांनी टकटक करत गेला. पाचव्या खणात आवाज बदलला तशी थांबला आणि देवडीत राहणाऱ्या म्हातारीला म्हणाला, "आजी, इथं गळतंय ना?" म्हातारी म्हणाली, "पन्नास साल बोंबलतेय." एवढ्या वर्षांत वाड्याची नीट तब्येत विचारणारा हा पहिला माणूस, आणि तो आला होता त्याचे अवयव न्यायला. भाव त्यानं घनफुटावर सांगितला. कौलं वेगळी, बिडाचा कठडा किलोवर, भिंती तुम्हाला ठेवा. छप्पर उतरल्यावर पांढऱ्या मातीच्या भिंतीला दोन पावसाळे पुरतात, हे तो बोलला नाही.

खांबांचं काय करणार, आम्ही विचारलं. मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या बाजारात उभे करायचे, तिथून कुणाच्या बंगल्यात, कुणाच्या हॉटेलात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन पुन्हा उभे राहिले, पण प्रत्येक वाड्याला दिनकर केळकर कुठून मिळणार? बाकीच्यांची डायनिंग टेबलं होतात. कायदाही मोठा रसिक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीची, इमारतीपासून सुटी झालेली वस्तू ही पुरावस्तू म्हणून मुद्दाम नोंदवली आहे. म्हणजे दिंडी दरवाजा भिंतीत आहे तोवर तो कुरकुरणारा दरवाजा. उखडून टेंपोत घातला की राष्ट्राचा ठेवा. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, तो परदेशी नेता येत नाही. न्यू जर्सीचे काका एवढ्यावरच हिरमुसले, त्यांना तो गॅरेजला लावायचा होता.

पाया खणताना हंडा निघाला तर तो कुणाचा, यावर गटात चार दिवस घनघोर चर्चा झाली. आमच्या वकील मित्रानं १८७८ चा निखात निधी कायदा काढून दाखवला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. दहा रुपये! मग सगळ्यांचं एकमत झालं की हंडा नाहीच. इतकं ठाम एकमत, की आम्हालाच शंका आली.

'रिकामा ताबा' या शब्दांचा अर्थ मात्र देवडीतल्या म्हातारीला कुणी सांगितला नव्हता. तिची सासू या देवडीत राहायची, आता ही राहते. देवापुढं दिवा ती लावते, पडलेलं कौल ती परत बसवते, तीन कुलपांच्या आतली मांजरं ती सांभाळते. पुरवणीसकट सगळ्या मिळकत पत्रिकेत तिचं नाव नाही. भांडणं चालू होती तोवर तिला कुणी हलवू शकत नव्हतं, कारण तिला काढायचं कुणी यावरही भांडण होतं.

सौदा ठरला. इसाराची रक्कम ठरली, टेंपो ठरले, जेसीबी ठरला. शेवटची बैठक सोप्यात झाली, चहा झाला, आणि उठता उठता मधल्या पातीच्या वहिनींनी सहज विचारलं, "ते न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ कुठंय?"

धाकट्यांनी ते मागच्या दिवाळीत उटण्याच्या निमित्तानं नेलं होतं. "आजीनं ते मला तोंडी दिलंय," धाकटे म्हणाले. "आजी गेली तेव्हा तू तिसरीत होतास," थोरले म्हणाले. मग आजी कुणाच्या मांडीवर गेली ते निघालं, तिच्या पाटल्या कुठं गेल्या ते निघालं, दत्तक खरा की खोटा ते निघालं. संध्याकाळपर्यंत 'आपला वाडा'तून अकराजण बाहेर पडले आणि आठवड्याभरात दावा दाखल झाला. घंगाळाची किंमत मोडीच्या भावात काही हजार असेल. वाड्याच्या जतनासाठी याहून स्वस्त योजना कुठल्याही खात्यानं आजवर काढलेली नाही.

लाकूडवाल्यानं टेप गुंडाळली, म्हातारीचा चहा घेतला आणि तो नदीपलीकडच्या गावात गेला. तिथंही एक वाडा आहे, आणि तिथल्या भावांचं म्हणे फार छान पटतं.