ऑगस्टातला उन्हाळा

गावाची सगळी माहिती तक्त्यात भरून झाली की त्या गावाविषयी लिहिण्यासारखे काही उरत नाही, हा सिद्धांत जनगणनेने कधी मांडला नव्हता; तो संगणकाने मांडला आणि ज्ञानदानाची घाई झालेल्यांनी मान्य केला. डेटाबेस म्हणजे ओळी आणि रकाने यांत बसवलेली माहिती, ज्यात प्रत्येक गावाला एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाला एक रकाना मिळतो; विकी म्हणजे कोणीही उघडावे, दुरुस्त करावे आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद 'इतिहास' या सदराखाली मागे राहावी असे सामायिक पान. पहिल्यातील माल दुसऱ्यात उतरवण्याचे काम बॉट नावाची आज्ञावली करते. 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' असा साचा तिच्या हाती दिला, की ती रिकाम्या जागा भरत सुटते आणि रातोरात अख्खा तालुका विश्वकोशात दाखल होतो.

या उद्योगाचे श्रेय एकट्या मराठी माणसाला घेता येणार नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००२ साली डेरेक रॅमसे यांच्या 'रॅमबॉट'ने अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांवरून गावांची सुमारे ३० हजार पाने तयार केली. पुढे स्वीडनच्या स्वेर्केर योहानसन यांच्या बॉटने फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर इतकी लेखसंख्या उभी केली की ती ६० लाखांपुढे जाऊन इंग्रजीच्या खालोखाल पोहोचली. एवढे लेख वाचणार कोण, हा प्रश्न अर्थातच डेटाबेसच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

१ मे २००३ रोजी, म्हणजे मुहूर्त पाहूनच जणू, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर २०११ च्या जनगणनेतील ग्रामनिर्देशिका अशीच अवतरली आहे. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांची पाने पाहिली असता क्षेत्र किती हेक्टर, कुटुंबे किती, गटारे उघडी की बंद, हे सारे एकाच चालीत म्हटलेले आढळते. जनगणनेच्या तक्त्यात गावात नसलेल्या सोयीचे अंतर ए, बी, सी अशा तीन अक्षरांत नोंदवलेले असते: पाच किलोमीटरांच्या आत, पाच ते दहा आणि दहाहून अधिक. त्यामुळे एटीएम पुढे गावच्या पारासमोर येऊन उभे राहिले, तरी पानावर ते दहा किलोमीटर दूरच राहते. विजेची तऱ्हा याहून न्यारी आहे. वीजपुरवठ्याचे तास नोंदवताना जनगणनेने एप्रिल ते सप्टेंबर हा उन्हाळा आणि ऑक्टोबर ते मार्च हा हिवाळा मानला, आणि कंसातले ते महिने साच्यातून जसेच्या तसे पानावर उतरले. परिणामी ज्या महाराष्ट्राचे अर्धे वाङ्मय पावसात भिजलेले आहे, त्याच्या ज्ञानकोशात श्रावण उन्हाळ्यात पडतो.

पहिल्यातील माल दुसऱ्यात उतरवण्याचे हे शास्त्र माढा तालुक्यातील कुर्डुवाडीला नव्याने शिकवावे लागू नये. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये येथून बार्शीकडे धावू लागली, तेव्हापासून या स्थानकात, जे त्या काळी 'बार्शी रोड' म्हणून ओळखले जाई, साडेपाच फुटी रुळांवरचा माल उतरवून अडीच फुटी रुळांवरच्या डब्यांत चढवला जात असे. तेथे पोते फाटले तर ते हमालाला दिसे आणि माल कमी भरला तर कारकून हुज्जत घाली. बॉटच्या फलाटावर ना हमाल, ना कारकून. रोमन लिपीत माढा आणि माधा यांचे स्पेलिंग एकच होत असल्याने तालुक्याचे नाव वाटेत बदलले, तरी डेटाबेसच्या बाजूने काहीही हरवलेले नसते. मात्र कुर्डुवाडी ज्यामुळे कुर्डुवाडी झाली, ते लाइट रेल्वेचे ठाणे, तिचा कारखाना, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली गाडी, येथे गाडी बदलून पंढरीला जाणारे वारकरी, यांपैकी एकासाठीही निर्देशिकेत रकाना नाही. शासकीय कागदात निदान 'शेरा' नावाचा शेवटचा रकाना असतो. विकी हा खरे तर सगळाच शेरा आहे, आणि आयातीत नेमका तोच कोरा राहतो.

येथे बॉटवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. रॅमबॉटची पानेही आरंभी अशीच रुक्ष होती. पुढे त्या गावांतल्या लोकांनी त्यांत हात घातला म्हणून ती वाचनीय झाली. दोष आहे तो लेखसंख्या मोजून सत्कार उरकण्याच्या रिवाजाचा. आकडे विकिडेटासारख्या एकाच सामायिक कोठारात ठेवावेत आणि पानांनी ते तेथून घ्यावेत, ही सोय २०१३ पासून आहे. ती वापरली नाही आणि २०२७ च्या जनगणनेचे आकडे घेऊन बॉट पुन्हा निघाला, तर दरम्यान एखाद्या शिक्षकाने हाताने केलेली दुरुस्ती तो सद्भावनेने पुसूनही टाकील.

तेव्हा माढा तालुक्यातील वाचकांनी आपापल्या गावाचे पान एकदा उघडावे, आणि त्यावर ऑगस्ट महिना उन्हाळ्यात सापडल्यास 'संपादन' या शब्दावर टिचकी मारून तो पावसाळ्यात आणून ठेवावा; त्यासाठी अर्ज, शिक्का किंवा ग्रामसभेचा ठराव लागत नाही.