यादी कापा, रात्री वाढवा

दिवाळी संपली की आपल्याकडे मे महिन्याचं युरोप ठरायला लागतं. त्यात हल्ली बार्सिलोना हमखास असतं. यादीही पाठ असते: साग्रादा फामिलिया, पार्क ग्वेल, ला रांब्ला, समुद्रकिनारा, फुटबॉलचं मैदान, बुलफाइट, फ्लामेंको आणि पाएया नावाचा भात. हे सगळं दोन रात्रींत.

यातल्या तीन गोष्टी त्या शहराच्या नाहीतच.

बुलफाइट घ्या. कॅटलोनियाच्या संसदेनं २०१० मध्ये तिच्यावर बंदी घातली. बार्सिलोनातली शेवटची झुंज सप्टेंबर २०११ मध्ये झाली. पुढे २०१६ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयानं ती बंदी रद्द केली. तरीही शहरात बैलझुंज परतली नाही. कायद्याची आडकाठी गेली, पण लोकांनाच ती नको होती.

फ्लामेंको दक्षिणेतल्या आंदालुसियाचा. पाएया वालेन्सियाची. रांब्लावर हॉटेलाबाहेर फोटो लावून जी विकली जाते, ती तुमच्या-आमच्यासाठीच असते. शेजारच्या गल्लीत राहणारा माणूस तिथे जेवायला बसलेला दिसतो का?

दोष पर्यटकाचा एकट्याचा नाही. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि आपल्याकडच्या एका पिढीला स्पेन ठाऊक झाला. त्यातला टोमॅटोंचा खेळ बुन्योल गावचा, वालेन्सियाजवळचा, आणि तोही ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. बैलांपुढे धावणं पाम्प्लोनाचं, जुलैतलं. एका सिनेमात मावलेला देश एका शहरात मावत नाही.

मग बार्सिलोनाचं स्वतःचं काय?

पुष्कळ आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि आपण सुट्टी आखताना नेमका तोच कापतो.

साग्रादा फामिलियाचं बांधकाम १८८२ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते वास्तुकार आंतोनी गाउदीकडे आलं आणि १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून त्याचा मृत्यू झाला, तोवर तो त्यातच होता. मधल्या मनोऱ्याची ठरवलेली उंची एकशे साडेबहात्तर मीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चर्चनं जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकलं आणि ते जगातलं सर्वांत उंच चर्च झालं. सरकारी तिजोरीतून नाही, देणग्यांतून उभं राहिलेलं हे काम आज मुख्यतः तिकिटांच्या पैशांवर चालतं. आत जाणारा प्रत्येक जण पुढच्या दगडाचे पैसे देतो.

तिकीट ऑनलाइनच काढायचं, तेही ठरावीक वेळेचं. मेमध्ये आदल्या दिवशी शोधायला बसलात तर बाहेरून फोटो काढून परतावं लागेल. विमानाची तारीख ठरली की दुसरं काम हेच.

आणि त्या चर्चच्या पुढच्या बाजूचा रस्ताही जरा बघून घ्या. मुख्य दर्शनी भागासमोर रुंद पायऱ्या बांधायचा बेत आहे. त्यासाठी समोरच्या इमारतींतली घरं पाडावी लागतील, या भीतीनं तिथले रहिवासी वर्षानुवर्षं भांडत आहेत. आपल्या कॅमेऱ्यात चर्च पूर्ण मावावं म्हणून आपण ज्या फुटपाथवर मागे मागे सरकतो, त्याच्या वरच्या मजल्यांवर ही माणसं राहतात.

हे राहणारे लोक आपल्या कुठल्याच यादीत नसतात.

शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख. मुक्कामाला येणारे पाहुणे वर्षाला दीड कोटीहून जास्त. पार्क ग्वेलच्या चढावर ११६ नंबरची छोटी बस जाते. नकाशा पाहून पर्यटक तिच्यात इतके भरू लागले की बाजाराच्या पिशव्या घेऊन घरी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना आत पाय ठेवायला जागा मिळेना. अखेर महापालिकेनं सांगून २०२४ मध्ये ती बस गुगलच्या नकाशावरून काढायला लावली. रहिवाशांची बस वाचवायची, तर ती पाहुण्यांपासून लपवावी लागली.

बोकेरिया बाजाराचंही तेच. भाजी, मासळी, मांस यांचा हा जुना बाजार. गर्दीमुळे खरेदीला आलेल्यांना पुढे सरकता येईना, म्हणून २०१५ मध्ये पंधराहून मोठ्या पर्यटक गटांना शुक्रवार-शनिवारी सकाळच्या वेळी बंदी आली. गाईडच्या झेंड्यामागे चालणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये किती जण असतात?

आता घरांचं. बार्सिलोनात पर्यटकांना भाड्यानं द्यायला परवाना असलेले १०,१०१ फ्लॅट आहेत. नोव्हेंबर २०२८ पर्यंत हे सगळे परवाने संपवणार, असं महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं. दहा वर्षांत शहरातली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे कारणही त्यांनी सांगितलं. घरमालक कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये घटना न्यायालयानं या निर्णयामागचा कॅटलोनियाचा कायदा उचलून धरला.

जुलै २०२४ मध्ये हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले. काहींनी हॉटेलाबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिस्तुलांनी पाणी उडवलं. ती क्लिप आपल्या फॅमिली ग्रुपवर दहा वेळा आली. भाड्याचा आकडा एकदाही आला नाही.

जेवायला बसलेल्या अनोळखी माणसावर पाणी उडवणं चूकच. पण आपल्याच वाडीत भाड्याचं घर परवडत नाही, म्हणून गाव सोडायची वेळ आलेल्या माणसाचा राग खोटा ठरत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्या गोवेकराला हे समजावून सांगावं लागेल का?

म्हणून म्हणतो, काय बघायचं हे नंतर ठरवा. आधी झोपायचं कुठे ते ठरवा.

आपल्या कुटुंबांना फ्लॅट हवा असतो तो कुकरसाठी. आजी-आजोबा सोबत, मुलं लहान, रात्री वरण-भात झाला की सगळे शांत झोपतात. ही गरज खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी कुणाचं राहतं घर लागत नाही. शहरात अपार्टहोटेलं आहेत: पूर्ण इमारत हॉटेल म्हणून नोंदलेली आणि खोलीत छोटं स्वयंपाकघर. वरण-भात तिथेही शिजतो.

तरी फ्लॅटच घ्यायचा असेल तर जाहिरातीत परवाना क्रमांक शोधा. बार्सिलोनात तो एचयूटीबी या अक्षरांनी सुरू होतो. शिवाय जुलै २०२५ पासून स्पेनमध्ये ऑनलाइन भाड्यानं दिल्या जाणाऱ्या अशा घरांना राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही सक्तीचा आहे. क्रमांक दिसत नसेल तर तो फ्लॅट सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

आणि जुन्या शहराच्या पोटात राहायचा हट्ट सोडा. सांत्स, पोब्लेनोऊ, एशाम्प्ले, कुठेही मेट्रोजवळ राहा.

एशाम्प्ले तर पायीच बघायची गोष्ट. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्यानं १८५९ मध्ये तिचा आराखडा केला. सरळ रस्ते, चौरस ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे तिरके कापलेले, म्हणजे चौकात उजेड येतो आणि वाहनाला वळायला जागा मिळते. ठोकळ्याच्या मध्ये बाग, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी हवा, हा त्याचा आग्रह. बिल्डरांनी त्या बागांवर बांधकामं केली. आता शहर त्यातली काही अंगणं एकेक करून मोकळी करतंय आणि तिथे मुलं खेळतात. आपल्याकडे नगररचनेवर तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं अशा एका अंगणात अर्धा तास बसावं. तिकीट नाही, रांग नाही. तरी टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत हे कधी वाचलंय?

गॉथिक भागात उलटा प्रकार: जुनं वाटतं ते बरंचसं नवं. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्ण झाला १९१३ मध्ये. सगळे जिथे मान वर करून फोटो काढतात तो नक्षीदार पूल १९२८ चा. खरं जुनं बघायचं तर तिथून जवळच पारादीस नावाच्या गल्लीत शिरा. एका मध्ययुगीन इमारतीच्या अंगणात ऑगस्टसच्या देवळाचे चार रोमन खांब उभे आहेत. पुलाखालची गर्दी तिथवर क्वचितच येते.

समुद्रकिनाऱ्याबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. १९९२ च्या ऑलिंपिकआधी तिथे बराचसा भाग कारखाने आणि रेल्वेच्या रुळांचा होता. वाळू आणून टाकलेली आहे आणि वादळं ती ओढून नेतात. भूमध्य समुद्रात मनसोक्त डुंबायचं असेल तर लोकल ट्रेननं सिजेसला जा. रोमन अवशेष आणि समुद्र एकाच नजरेत हवेत तर तारागोनाला जा. तिथलं अँफिथिएटर थेट पाण्याच्या काठावर आहे. जिरोना वेगवान गाडीनं पाऊण तासाच्या आत. पण यातलं एकही दोन रात्रींत बसत नाही.

जेवणाचं सांगायला हवं, कारण आपल्याकडे निम्मा निर्णय तिथेच होतो. शाकाहारी माणूस बार्सिलोनात उपाशी राहतो, ही अफवा आहे. पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल सोडलेला पा आम तुमाकेत सकाळी कोपऱ्यावरच्या कुठल्याही बारमध्ये मिळतो. बेदाणे आणि पाइनच्या बिया घातलेला कॅटलान पालक आहे. वांगी आणि ढोबळी मिरची भाजून, सोलून केलेली एस्कालिवादा तर भरतावर वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासाला आपली वाटेल. फक्त वर मासळी नको, हे आधी सांगा.

रात्री साडेसातला जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद असतं आणि उघडं असतं ते पर्यटकांसाठीचंच. तिथले लोक रात्री नऊनंतर जेवतात, दुपारी दोनच्या सुमाराला. आठवड्याच्या दिवशी दुपारचा ठरलेला मेनू घ्या: दोन पदार्थ, गोड, पेय, सगळं एकाच किमतीत. मोठं जेवण दुपारी करायचं, हे आपल्या पोटाला नवीन आहे का?

ऑगस्ट टाळा. उकाडा, गर्दी आणि गावातले लोकच सुट्टीवर. मे चांगला, पण भरलेला. शाळेची सुट्टी बघायची असेल तर दिवाळीची बघा. हवा सुखाची असते, मधूनच पाऊस येतो, तिकिटं तुलनेनं सहज मिळतात. लाडू-चकली एक दिवस आधी संपवा आणि निघा.

खिशाबद्दल एकच वाक्य: मेट्रोत आणि रांब्लावर पाकीट पुढच्या खिशातही नको, अंगाला बांधलेलं हवं, आणि मोबाइल टेबलावर ठेवायचा नाही.

आता व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शेंगेनचा मूळ नियम मात्र घाईत कुणी वाचत नाही: ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, अर्ज त्या देशाकडे. अर्ज तपासणारा अधिकारीसुद्धा तुम्ही किती स्थळं बघणार हे मोजत नाही, रात्री मोजतो.

शहरही तेच मोजायला लागलंय. काही तासांसाठी उतरणाऱ्या क्रूझच्या गर्दीला आवर घालायला २०३० पर्यंत क्रूझ टर्मिनलं सातावरून पाचावर आणायचं, असं महापालिका आणि बंदरानं जुलै २०२५ मध्ये ठरवलं. धावत येऊन धावत जाणारा पाहुणा रस्ते भरतो, पण गल्लीतल्या दुकानात काही घेत नाही. पाच रात्री राहणारा ब्रेड घेतो, औषध घेतो, रविवारी सांत आंतोनीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जातो, तिसऱ्या दिवशी कॉफीवाल्याशी दोन शब्द बोलतो.

बारा दिवसांत सहा देश, ही आखणी तुमच्या सोयीची नसते. बस आणि हॉटेलांच्या हिशेबाची असते. हॉटेलही अनेकदा शहराबाहेर, जिथून संध्याकाळी परत आत यायला वाहन मिळवावं लागतं. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी टूर कंपनीला तीन गोष्टी लेखी मागा: बार्सिलोनात नेमक्या किती रात्री, हॉटेलचा पूर्ण पत्ता, आणि साग्रादा फामिलिया आतून की बाहेरून. 'बाहेरून' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. पाच रात्रींचं तिकीट स्वतः काढा आणि उरलेले देश पुढच्या वर्षावर ठेवा.